अभावाचे अधिकरण

क्षय या नावातच झीज आहे. वजन घटते, भूक मंदावते, बरगड्या उघड्या पडतात, आणि चरकसंहिता ज्याला राजयक्ष्मा म्हणते त्या या रोगाची कल्पना भारतीय परंपरेने पहिल्यापासून कलेकलेने उणा होत जाणाऱ्या चंद्राच्या रूपात केली आहे. साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन अशी जी चार कारणे चरकाने दिली त्यांतही एक कारण स्वतः क्षय, म्हणजे धातूंची झीज, हेच आहे. फुप्फुसाच्या क्षयाने आजारी असलेल्या माणसाच्या रक्ततपासणीत मिठातील सोडियम या घटकाचा आकडा खाली आलेला दिसला, की तोही या उतरत्या जमाखर्चातली आणखी एक वजाबाकी म्हणून वाचला जातो, आणि रोग्याच्या अंगातले मीठ संपत चालले आहे असे समजून ते भरून काढण्याची घाई होते. हे वाचन पुष्कळदा चुकीचे असते. ते का चुकते याचे उत्तर देताना वैद्यकाला 'कमी' या साध्या शब्दाच्या अर्थापाशी यावे लागते, आणि तेथून पुढचा प्रांत तत्त्वज्ञानाचा आहे.

रक्तद्रवातील सोडियम लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल असावे असे धरतात. मिलिमोल हे वजनाचे नव्हे, कणांच्या संख्येचे माप आहे. आकडा 135 च्या खाली गेला की त्या स्थितीला हायपोनेट्रेमिया म्हणतात, आणि 125 च्याही खाली उतरला की ती गंभीर समजतात. दवाखान्यात आणि घरी मात्र 'सोडियम कमी झाले' एवढेच म्हटले जाते, आणि घोटाळ्याची सुरुवात या तीन शब्दांत होते, कारण प्रयोगशाळेने मोजलेला आकडा शरीरातील मिठाच्या साठ्याचा नसतो, तर सोडियम आणि पाणी यांच्या परस्परप्रमाणाचा असतो. चाळीस किलो वजनाच्या रोग्याच्या शरीरात ढोबळमानाने 24 लिटर पाणी आहे आणि त्याचे सोडियम 140 आहे असे धरावे. मिठाचा एक कणही बाहेर न जाता त्या शरीराने तीन लिटर जास्तीचे पाणी धरून ठेवले, तर तोच आकडा सुमारे 124 वर येतो. येथे काहीही गेलेले नाही, उलट काहीतरी आलेले आहे. ज्या रोगाचे नाव झिजण्यावरून पडले, त्यातील उणेपणाच्या एका ठळक खुणेच्या मुळाशी अशी वाढ असावी, हा विरोधाभास नुसता चमत्कृतीचा नाही.

ही वाढ होते कशी? रक्त दाट झाले की मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकात तयार होणारे व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीतून रक्तात सुटते आणि मूत्रपिंडे पाणी राखून ठेवू लागतात. पाणी पुरेसे झाले की संप्रेरक थांबते आणि जादा पाणी पातळ लघवीवाटे निघून जाते. फुप्फुसाच्या क्षयात हे थांबणे बिघडते. दाहामुळे रक्तात येणारी इंटरल्युकिन-6 सारखी द्रव्ये, प्राणवायूची घट, सततची मळमळ यांपैकी कशानेही संप्रेरक सुटत राहू शकते, आणि 1970 मध्ये तर एका रुग्णाच्या क्षयग्रस्त फुप्फुसाच्या ऊतीतच मूत्र रोखणारे द्रव्य सापडल्याची नोंद झाली. या विकाराचे मूळ वर्णन विल्यम श्वार्ट्झ आणि फ्रेडरिक बार्टर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह 1957 मध्ये केले, तेही क्षयाच्या नव्हे तर फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांवरून. पुढे त्याला जे नाव रूढ झाले त्यात संप्रेरकाच्या स्रवण्याला 'अनुचित' असे विशेषण लावलेले आहे. रसायनशास्त्राच्या प्रांतात औचित्याचा असा निवाडा क्वचितच ऐकू येतो. काव्यशास्त्रकार क्षेमेंद्राने तो काव्याला लावला होता, येथे तो ग्रंथीला लावला आहे. अनुचित ते कोणाच्या दृष्टीने, हे मात्र त्या नावात सांगितलेले नाही. रक्ताच्या दाटपणाच्या दृष्टीने ते अनुचित खरेच; पण ताप, दाह आणि धाप यांनी वेढलेले शरीर संकटकाळी पाणी साठवते, यात त्याच्या बाजूने काही औचित्य असणे अशक्य नाही.

'कमी' या शब्दाचा खरा उलगडा न्यायशास्त्राच्या मदतीने होतो. अभाव हा काहीतरी आहे की नुसते काहीच नसणे आहे, यावर भारतात शतकानुशतके वाद झाला. चरकाने सूत्रस्थानाच्या आरंभी सामान्य, विशेष, गुण, द्रव्य, कर्म आणि समवाय हे सहाच पदार्थ मोजले, त्यांत अभाव नाही. पुढे वैशेषिक परंपरेने त्याला सातवा पदार्थ म्हणून जागा दिली, आणि अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहातून ती सात पदार्थांची यादी विद्यार्थ्यांच्या पाठात कायम झाली. नैयायिकांच्या मते अभाव कधीच मोघम नसतो. तो कशाचा तरी असतो, त्या वस्तूला प्रतियोगी म्हणतात. आणि तो कोठेतरी असतो, त्या जागेला अधिकरण म्हणतात. जमिनीवर घट नाही, या वाक्यात घट हा प्रतियोगी आणि जमीन हे अधिकरण. ही दोन्ही सांगितल्याखेरीज 'नाही' हा शब्द अपुरा राहतो. सोडियमच्या बाबतीत प्रतियोगी सर्वांना ठाऊक असतो, पण अधिकरणाची विचारपूस कोणी करत नाही. ते अधिकरण पाणी आहे, आणि तेच फुगलेले असते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. घट जमिनीवर असतो किंवा नसतो, त्याचे थोडे असणे संभवत नाही. सोडियम 124 असणे म्हणजे त्याचा अभाव नव्हे, फार तर न्यूनता. आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर नव्यन्यायाच्या विशिष्टाभाव या कल्पनेत मिळते. दंडधारी पुरुष नाही, असे म्हटले तर ते तीन प्रकारे खरे ठरू शकते : पुरुषच नसेल, पुरुष असून त्याच्या हाती दंड नसेल, किंवा दोन्ही नसतील. पहिल्या प्रकारात विशेष्याचा अभाव, दुसऱ्यात विशेषणाचा, तिसऱ्यात उभयतांचा. हायपोनेट्रेमियात ज्याचा अभाव असतो ते नुसते सोडियम नव्हे. 'योग्य प्रमाणात असलेले सोडियम' या विशिष्टाचा तो अभाव आहे, आणि तोही या तीनच वाटांनी येतो.

पहिली वाट विशेष्य जाण्याची, म्हणजे मीठ खरोखरच शरीराबाहेर पडण्याची. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील थॉमस ॲडिसन याने 1855 मध्ये मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या नाशाने होणारा जो रोग वर्णिला, त्यात या ग्रंथी पोखरणाऱ्या कारणांत क्षयाचा वाटा मोठा होता. या ग्रंथींचे संप्रेरक नसले की मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवता येत नाही, रक्तदाब पडतो, त्वचा काळवंडते. क्षयावरचे रिफॅम्पिसिन हे प्रमुख औषध यकृतात या ग्रंथींच्या कॉर्टिसोल या संप्रेरकाचा निचरा जलद करते, त्यामुळे आधीच दुबळ्या झालेल्या अधिवृक्क ग्रंथींचे उपचाराच्या पहिल्या दिवसांत बिंग फुटू शकते, आणि तेव्हा मीठ व स्टेरॉइड देण्यात उशीर झाला तर माणूस दगावतो. उलट्या आणि जुलाब हीदेखील याच वाटेची, अधिक सामान्य, उदाहरणे. दुसरी वाट विशेषण जाण्याची : सोडियम तेथेच आहे, प्रमाण मात्र गेले आहे, कारण पाणी साठले. फुप्फुसाच्या क्षयात ही वाट वारंवार भेटते. तिसऱ्या वाटेवर तो रोगी असतो ज्याला आठवडाभर अन्न गेलेले नाही, ओकाऱ्या झालेल्या आहेत, आणि तरीही व्हॅसोप्रेसिन सुटतच आहे. तिन्ही रोग्यांच्या कागदावर आकडा एकच येऊ शकतो.

प्राभाकर मीमांसकांच्या मताकडे येथे थोडे डोकावून पाहण्यासारखे आहे. त्यांनी अभाव हा वेगळा पदार्थ मानलाच नाही. घट नसलेली जमीन म्हणजे फक्त जमीन, असे ते म्हणत. नैयायिकांनी हे मत खोडण्यासाठी पुष्कळ शाई खर्च केली आणि वादात सरशी बहुधा त्यांचीच झाली. पण पाणी साठून झालेल्या हायपोनेट्रेमियात प्राभाकरांचे म्हणणे अधिक जवळचे वाटते, कारण तेथे अभाव म्हणून जे दिसते ते अधिकरणाच्याच स्वरूपात घडलेला बदल आहे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही, हे उपचाराच्या वेळी कळते. महाराष्ट्रात अशक्तपणा आला की सलाइन लावून घेण्याची रीत गावोगाव रुजलेली आहे, आणि सलाइन म्हणजे मिठाचेच पाणी असल्यामुळे कमी झालेल्या सोडियमवर ते रामबाण असणार असे कोणालाही वाटेल; नेहमीच्या सलाइनमध्ये लिटरमागे 154 मिलिमोल सोडियम असते, म्हणजे ते रक्ताहून खारटच. पण मूत्रपिंडे दाट लघवी करण्यात अडकली असतील तर हिशेब उलटतो. लघवीत सोडियमची दाटी लिटरमागे 308 मिलिमोल असेल, तर सलाइनच्या एका लिटरमधून आलेले सगळे मीठ अर्ध्या लिटर लघवीतून बाहेर पडते आणि उरलेला अर्धा लिटर निव्वळ पाण्याच्या रूपाने आतच राहतो. मीठ घातल्याने आकडा आणखी खाली येतो. भरपूर पाणी प्या, नारळपाणी घ्या, सरबत घ्या, हा भेटीला येणाऱ्यांचा प्रेमळ सल्लाही याच गणितात सापडतो. विशेषणाच्या अभावावर विशेष्य वाढवणे हा तर्कातला दोष; तो येथे झटके आणि बेशुद्धी या रूपाने फळाला येतो. अशा रोग्याचे बहुधा पाणी मोजून कमी करावे लागते, आणि ऐन उन्हाळ्यात तापाने फणफणलेल्या माणसाला पाणी नाकारणे नातेवाइकांना क्रूर वाटते. 'खाल्ल्या मिठाला जागणे' म्हणणाऱ्या आणि सौंदर्याला लवणावरून लावण्य हे नाव मिळालेल्या भाषेत मीठ देणे हे दान आणि पाणी रोखणे हे पाप वाटावे, यात नवल नाही.

एवढ्यावरही एक प्रश्न उरतोच : योग्य प्रमाण ठरवले कोणी? अभावाचे ज्ञान कसे होते याची चर्चा करताना भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, पण त्याला योग्यतेची अट घातली. असती तर दिसलीच असती अशी वस्तू दिसली नाही, तरच तिचा अभाव सिद्ध होतो. म्हणजे अभावाच्या प्रत्येक ज्ञानामागे एक अपेक्षा उभी असते. 135 ही अशीच एक अपेक्षा आहे, निरोगी माणसांच्या मोजणीतून आलेली. फ्रेंच तत्त्वज्ञ आणि वैद्य जॉर्ज कांगिलेम याने 1943 च्या आपल्या प्रबंधात असे मांडले की रोग म्हणजे नियमाचा अभाव नव्हे. रोगी शरीरही एका नियमाने जगते, फक्त तो नियम अधिक संकुचित असतो आणि परिस्थितीतले बदल त्याला फारसे सोसत नाहीत. क्षयाच्या काही रुग्णांत या म्हणण्याची जवळजवळ प्रयोगशाळेतली साक्ष मिळते. त्यांचे सोडियम 128 किंवा 130 वर येऊन थांबते, त्याखाली जात नाही; त्यांना जादा पाणी पाजले तर ते पातळ लघवीवाटे नीट बाहेर टाकतात, पाणी तोडले तर लघवी दाट करतात. समतोल राखणारी यंत्रणा शाबूत आहे, तिने मापाची रेघ तेवढी खाली ओढून घेतली आहे. अशा शरीरात सोडियम 'कमी' आहे असे म्हणताना निवाडा बाहेरचा असतो, आतला नव्हे.

भराभर पूर्ववत करण्याच्या उत्साहाला याहून कठोर उत्तर मेंदू देतो. सोडियम हळूहळू उतरते तेव्हा मेंदूच्या पेशी दोनेक दिवसांत आपल्या आतील क्षार आणि काही सेंद्रिय द्रव्ये बाहेर टाकून सूज टाळतात. त्या नव्या स्थितीशी तडजोड करतात. त्यानंतर आकडा झपाट्याने वर चढवला तर पेशींतील पाणी ओढले जाते आणि मज्जातंतूंवरील आवरण नष्ट होते. मेंदूच्या स्तंभात होणारी ही हानी 1959 मध्ये प्रथम वर्णिली गेली. तिच्यात माणूस लुळा पडतो, त्याचे बोलणे आणि गिळणे जाते. म्हणूनच चोवीस तासांत आठ ते दहा मिलिमोलपेक्षा अधिक वाढ होऊ देऊ नये असा दंडक आहे. उणेपणाशी ज्याने जुळवून घेतले त्याला पूर्णत्व एकदम बहाल करणे घातक ठरते, ही गोष्ट शरीरापुरतीच खरी की अधिक व्यापक, याचा विचार वाचकाने करावा. येथे तिचा विस्तार करण्याचा मोह टाळलेला बरा.

मेंदूचा उल्लेख आला की आत्म्याचा प्रश्न टळत नाही. सोडियमची दाटी उतरली की पाणी पेशींत शिरते, आणि हाडांच्या पेटीत बंद असलेल्या मेंदूला फुगायला जागा नसते. आधी डोकेदुखी, मळमळ आणि सुस्ती, मग चिडचिड, विसराळूपणा, संभ्रम, आणि शेवटी झटके. हळूहळू उतरलेल्या सोडियममध्ये बाहेरून काहीच दिसू नये आणि तरी लक्ष टिकू नये, चाल डळमळावी, असेही घडते. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस अन्न वर्ज्य करून पाणी मात्र हवे तेवढे पिण्यास सांगतो. सोळाव्या दिवशी त्याला ऋचा, यजू आणि सामे आठवत नाहीत, आणि जेवल्यावर ती पुन्हा आठवतात. मन अन्नमय आहे हे पित्याला दाखवायचे होते. अन्नाशिवाय नुसते पाणी पीत राहिल्यास लघवीवाटे पाणी बाहेर टाकण्याची मूत्रपिंडांची क्षमताच घटते, कारण त्यासाठी लागणारे क्षार आणि युरिया अन्नातून येतात, हे आज ठाऊक आहे. यावरून उपनिषदांना सोडियमचे ज्ञान होते असा दावा करणे पोरकटपणाचे होईल. श्वेतकेतूचे विस्मरण निव्वळ उपासमारीचेही असू शकते. महत्त्वाचे आहे ते एवढेच की मनाला द्रव्याच्या बाजूला बसवण्यास त्या ऋषीला कसलाही संकोच वाटला नाही.

हा संकोच बहुतेक दर्शनांना वाटलेला नाही. सांख्यांची बुद्धी प्रकृतीचे अपत्य आहे, वेदान्ताचे अंतःकरण भौतिक आहे, आणि नैयायिकांचा आत्मा नित्य असला तरी ज्ञान हा त्याचा आगंतुक गुण आहे, शरीर आणि मन यांच्या संयोगाने येणारा आणि जाणारा. म्हणून सोडियमबरोबर स्मृती मावळते एवढ्याने यांपैकी कोणाचाच पराभव होत नाही. चार्वाकाला वाटेल की मद्याच्या घटकांतून मादकता यावी तशी भूतांतून चेतना येते हे आपले मत सिद्ध झाले. पण घटक बदलल्याने चेतना बदलते हे घटकांतूनच ती उपजते याचे प्रमाण होत नाही. रक्ताचा आकडा हा वाद सोडवत नाही, आणि तो सुटल्याचे जे सांगतात ते आकड्यावर त्याला न पेलणारे ओझे टाकतात.

आकड्याने सुटणारा प्रश्न दुसराच आहे, आणि तो नीतीचा आहे. गोळ्या विसरणारा, सांगितलेले न ऐकणारा, अंगावर ओरडणारा क्षयरोगी घरात आणि वॉर्डात दोषी ठरतो. त्याची समज कमी आहे, इच्छाशक्ती कमी आहे, असे बोलले जाते. 'कमी' हा शब्द येथेही तसाच निष्काळजीपणे वापरलेला असतो, आणि अधिकरण येथेही चुकलेले असते. हा उणेपणा त्याच्या स्वभावात नसून त्याच्या मेंदूभोवतीच्या द्रवात असू शकतो. तो मेंदूच्या आवरणाच्या क्षयातूनही आलेला असू शकतो, ज्यात सोडियम उतरणे अधिकच आढळते. तपासणीआधी निवाडा करणे हा अशा माणसावर अन्याय आहे. याउलट जेथे अभाव खराखुरा आहे तेथे तो रोग्याच्या रक्तात शोधण्याचे कारण नसते : झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना वाढीव शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी घटले, असे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. त्या अभावाचे अधिकरण ताट होते.

छांदोग्याच्या त्याच सहाव्या अध्यायात पुढे मिठाचा प्रसिद्ध दृष्टांत येतो. पाण्यात टाकलेला मिठाचा खडा सकाळी सापडत नाही, पण पाणी वरून, मधून, तळातून कोठूनही चाखले तरी खारटच लागते. दिसत नाही म्हणून नाही असे म्हणता येत नाही, हे श्वेतकेतूला त्यातून कळते. दृष्टांतातले भांडे स्थिर आहे आणि पाणी तेवढेच राहते. त्यात आणखी पाणी ओतले गेले असते तर खारटपणा उतरला असता आणि खडा मात्र पूर्वीइतकाच राहिला असता. फुप्फुसाच्या क्षयात हेच ओतणे चालू असते. क्षयावरची औषधे लागू पडू लागली, दाह ओसरला आणि व्हॅसोप्रेसिन आवरले गेले, की अशा बहुतेक रोग्यांचे सोडियम काही आठवड्यांत पूर्ववत होते, आणि त्यासाठी त्यांच्या जेवणात वेगळे मीठ घालावे लागत नाही.